साडेसातचा तास

अपकृत्य म्हणजे काय, मी फळ्यावर लिहितो.
खडू दमट. नेरुळची हवा खाडीकडून येते.
गुन्हा नव्हे. करारभंग नव्हे. पाप तर नव्हेच.
कुणी सही केलेली नाही,
तरीही एक माणूस दुसऱ्याचं काही देणं लागतो,
न सांगता, न ओळखता.
ते देणं बुडवलं, की हा विषय सुरू होतो.

मागच्या बाकावर झोप, पुढच्या बाकावर झेरॉक्स.
तिसऱ्या रांगेत हर्षिदा तांडेल, दिवाळे गावची,
पहाटे जेटीवर मासळी मोजून आलेली,
वहीचा कोपरा बर्फाच्या पाण्यानं फुगलेला.

पाठ करा, मी म्हणतो, परीक्षेत हमखास येतं:
काळजी घ्यायचं कर्तव्य होतं का,
ते मोडलं का,
मोडलं म्हणूनच हे झालं का,
आणि झालं ते फार लांबचं तर नाही ना.
समजा, सेक्टर अठ्ठावीस. चेंबरचं झाकण काढलेलं.
कंत्राटदाराच्या माणसानं भोकात फांदी खोचली
आणि तो चहाला गेला.
फांदी म्हणजे पुरेसा इशारा का?
दुपारी? आणि रात्री, रस्त्यावरचे दिवे गेलेले असताना?
पडणारा मोबाइलमध्ये बघत होता, कुणीतरी सुचवतं.
बरोबर. मग त्याचा वाटा भरपाईतून वजा.
वर्ग हसतो. पडलेला माणूस समजापुरताच आहे.

मग माझा आवडता भाग.
तुमच्या ओट्यावरून कुणी नुसता चालत गेला,
एक फरशी हलली नाही, तरी दावा चालतो:
हक्क मोडला, नुकसान शून्य.
आणि उलट:
तुमच्या गाडीसमोर दुसऱ्यानं वडापावची गाडी टाकली,
तुमचा गल्ला निम्मा झाला, झोप उडाली,
तरी कायदा हात झटकतो.
नुकसान आहे, हक्कभंग नाही.
डॅम्नम साइन इंज्युरिया. म्हणा सगळे.

सगळे म्हणतात. हर्षिदा हात वर करते.
सर, खाडीत भराव पडला.
बाबांचं डोल रिकामं वर येतं.
होडीला कुणी हात लावलेला नाही,
जाळं कुणी फाडलेलं नाही.
हे कुठल्या खान्यात लिहू?

मी सार्वजनिक उपद्रव म्हणतो.
विशेष नुकसान शाबीत करावं लागेल म्हणतो.
भरावाला कायद्यानंच परवानगी असेल तर, म्हणतो, पण
आणि त्या पणवर शिपाई घंटा वाजवतो.
इतक्या वर्षांत घंटेचे इतके आभार मी मानले नव्हते.
ती पेनाला टोपण लावते. पान तसंच कोरं.

रात्री चौथ्या मजल्यावर ग्रिलबाहेर हात घालतो.
रंगाच्या जुन्या डब्यात ओवा लावलेला,
तारेनं बांधलेला, तार गंजलेली.
बारा वर्षं तो तिथंच आहे, एकदाही पडला नाही.
खाली रामसजीवनची इस्त्रीची गाडी,
कोळसे विझत आलेले, दुसऱ्यांचे शर्ट उंच रचलेले.
त्याला माझं नाव ठाऊक नाही,
फ्लॅटचा नंबर ठाऊक आहे.
वर्गात मी सांगतो, काही वेळा पुरावा लागत नाही,
वस्तू स्वतःच बोलते.
हे सांगायचं राहतं, की ती पडल्यावर बोलते.
आधी गप्प असते,
ओव्याचा वास देत.

डबा आत घेतला. बायको म्हणाली, काय झालं?
काही नाही, म्हटलं. अजून काही नाही झालं.

आता पाणी घातलं की ओघळ थेट सोफ्यापर्यंत जातो,
फरशीवर गंजाचं गोल वर्तुळ उमटलंय, निघत नाही.
नुकसान आहे.
दावा कुणावर नाही.